अक्काची आंबील

परवाच्या नाही, त्याच्या आधीच्या येळवशीला नरसिंगराव बिरादार आपल्या बहिणीच्या शेतात आंबील प्याले. दुपारची वेळ होती. आंबिलीत ताक होतं. वाटी रिकामी झाल्यावर त्यांनी ती पुढं केली आणि पुन्हा मागून घेतली. मी समोर बसलो होतो.

यात सांगण्यासारखं काय, असं कुणीही विचारील. त्या दिवशी आमच्या भागात घरटी माणूस आंबील पितो. सांगण्यासारखं एवढंच, की नोकरीतून निवृत्त झाल्यापासून नरसिंगराव दूध, दही, ताक, लोणी, तूप यांतलं काहीही तोंडात घालत नाहीत. मध नाही. पायांत चामड्याची चप्पल नाही, कॅनव्हासचे बूट असतात. कमरेला पट्ट्याऐवजी सुती नाडी असते आणि ती बसमध्ये चढताना हमखास सुटते.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. लातूर, उदगीर, बिदर, कलबुर्गी या पट्ट्यात त्या दिवशी गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. कडब्याची कोपी, म्हणजे लहानसं खोपट, उभी करायची, तिच्यात पाच दगड मांडून पूजा करायची, पिकावर आंबील शिंपडायची आणि मग जेवायचं. ज्वारीचं पीठ आंबवून त्यात ताक घातलं की आंबील होते. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून बसवतात आणि पहिल्यांदा हातात आंबिलीची वाटी देतात. ती नाकारून जेवायला बसता येत नाही.

मी कमलनगरजवळच्या एका गावात राहतो आणि एका मराठी दैनिकाला तालुक्याच्या बातम्या देतो. माझं शेत आणि नरसिंगरावांच्या बहिणीचं शेत यांच्यामध्ये एकच बांध आहे. वयानं मोठे म्हणून मी त्यांना अण्णा म्हणतो. ते मला पत्रकार म्हणतात. यातली नावं मी बदलली आहेत. गावाचं नाव सांगत नाही.

नरसिंगरावांची सगळी नोकरी पुण्याच्या एका डेअरीत गेली, आणि तीही दूध तपासण्यात. यंत्रं होती, पण ती बिघडली की यांना बोलवायचे. करंगळी दुधात बुडवायची, जिभेच्या टोकाला लावायची, डोळे मिटायचे. मग निकाल. "म्हशीचं. फॅट साडेसहा. सकाळचं न्हाई, रातचं हाय. पाणी इहिरीचं घातलंय." गवळी त्यांना घाबरत आणि दिवाळीला पेढे पाठवत. पेढ्यांचाही निकाल लागे.

असा माणूस निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून दूध सोडतो, हे पुण्यात कुणाला पटलं नाही. बायकोला वाटलं, डेअरीवर राग आहे. मुलाला वाटलं, डॉक्टरांनी सांगितलं. नंतर मुलानंच मोबाइलवर बघून सांगितलं, की बाबा, तुमच्यासारख्या माणसाला व्हीगन म्हणतात. नरसिंगरावांना तो शब्द आवडला नाही. आपल्याला कुणी नाव ठेवू नये आणि आपल्यापुढं दूध ठेवू नये, एवढीच अपेक्षा आहे, असं त्यांनी मुलाला सांगितलं.

कारण विचारलं, की ते दोनच शब्द सांगत. "रेडकाचा वाटा." जन्मभर आपण जे जिभेला लावलं ते कुणाच्या तरी तोंडचं होतं, असा त्याचा अर्थ. खुलासा मागणाऱ्याला तासभर खुलासा मिळे. म्हणून सहसा कुणी मागत नसे.

दर हिवाळ्यात ते पुण्याहून एकटे येत आणि माझ्या घरी उतरत. शाळा संपल्यावर गाव सोडलेला माणूस. आपला मुलूख बघायचाच राहिला, असं त्यांचं म्हणणं. मग आम्ही बसनं, जीपनं हिंडायचो. बिदरचा किल्ला, चौबाऱ्याचा बुरूज, बसवकल्याण, कलबुर्गी, मधली गावं. किल्ल्यात ते तिकीट काढून शिरत आणि परदेशी पाहुण्यासारखे प्रत्येक कमानीखाली थांबत. बिदरी कामाच्या दुकानात कारागिरानं एक फुलदाणी दाखवून सांगितलं, की चांदीची नक्षी उठून दिसावी म्हणून तिचा धातू काळा करायला किल्ल्यातली माती लागते. नरसिंगरावांनी विचारलं, "ह्यात जनावराचं काय न्हाई न्हवं?" नाही म्हटल्यावर त्यांनी त्या फुलदाणीकडं फार आदरानं बघितलं. घेतली नाही.

खरा प्रवास जेवणाचा असे. बसवकल्याणच्या एका खानावळीत त्यांनी बसताक्षणी कानडीत यादी म्हटली. हालु बेडा, मोसरु बेडा, मज्जिगे बेडा, तुप्पा बेडा. दूध नको, दही नको, ताक नको, तूप नको. खानावळीच्या बाईंनी कमरेवर हात ठेवून सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मत्ते एनु बेकु?" मग हवं तरी काय? नरसिंगराव म्हणाले, बाकी सगळं. बाईंनी माझ्याकडं बघून हळूच विचारलं, की पोटाचं ऑपरेशन कधी झालं. मी उत्तर द्यायच्या आत त्या आत गेल्या आणि तांदळाची पातळ पेज घेऊन आल्या. माझ्या ताटात ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी. यातलं सगळं त्यांना चालत होतं. पण बाई डोक्यावर उभ्या होत्या आणि पेज संपेपर्यंत हलल्या नाहीत. नरसिंगरावांनी ती संपवली. बाहेर आल्यावर म्हणाले, बाई मायाळू हाय. मग समोरच्या गाड्यावरून त्यांनी भजी घेतली, तळणाचं तेल शेंगदाण्याचं आहे याची खात्री करून.

बिदरला चौबाऱ्यापाशी चहाचं एक हॉटेल आहे. तिथले म्हातारे मालक दखनी बोलतात. बिगर दुधाचा, बिगर साखरेचा चहा मागितल्यावर ते म्हणाले, "दूध नक्को, शक्कर नक्को, तो पानीच पीओ ना मियाँ, पैसे बी नक्को." साखर नको हे मधुमेहामुळं होतं. त्याचा रेडकाशी संबंध नव्हता. पण तेवढ्यावरून नरसिंगरावांनी त्यांना रेडकाचा वाटा समजावून सांगायला सुरुवात केली, आणि म्हाताऱ्यांनीही गिऱ्हाइकं सोडून ऐकलं. शेवटी ते इतकंच म्हणाले, की हमारी अम्मा बी बछडे कू पहले छोडती थी. पुढच्या वर्षी आम्ही गेलो तेव्हा न सांगता काळा चहा आला.

देवळात मात्र माझी परीक्षा असे. कलबुर्गीत, बसवकल्याणात, वाटेतल्या लहानसहान गावांत जो पेढा, जे पंचामृत हातावर पडे ते नरसिंगराव कपाळाला लावत आणि माझ्या हातावर ठेवत. प्रसाद टाकता येत नाही. त्या सहलींमध्ये माझं वजन वाढलं.

औरादच्या जीपमध्ये एकदा शेजारच्या म्हातारीनं त्यांना डब्यातला दहीभात देऊ केला. त्यांनी हात जोडले. दूधदुभतं सोडलंय, म्हणाले. म्हातारीनं लगेच डबा मिटला आणि विचारलं, "काशी करून आलाव जणू?" आमच्याकडं काशीला जाऊन आलेला माणूस आवडीची एखादी वस्तू तिथं सोडून येतो आणि पुन्हा खात नाही. कुणी वांगं सोडतं, कुणी केळं. दूध सोडणारा म्हणजे मोठाच माणूस. नरसिंगराव तिला खरं सांगायला लागले, पण म्हातारी सीटवरून वाकून त्यांच्या कॅनव्हासच्या बुटांना हात लावून मोकळी झाली होती. त्यांचा चेहरा पडला.

तरी पुढच्या गावात कुणी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "व्हय." एका शब्दात काम भागत होतं. आग्रह थांबे, ताटात तूप पडत नसे. फक्त एकदा एका घरात लोक गंगेबद्दल विचारत बसले. नरसिंगराव काशीला कधीच गेले नव्हते. त्यांनी गंगा म्हणून नांदेडची गोदावरी सांगितली. पायऱ्या, घाट, नावा सगळं. घरच्यांनी हात जोडून ऐकलं.

हे असं आठ-पंधरा दिवस चाले. पहिली दोन-तीन वर्षं माझ्या लक्षात आलं नाही, नंतर आलं. सहल कुठूनही सुरू झाली तरी येळवशीच्या दिवशी आमच्या बांधावर येऊन संपत असे. किल्ले आणि देवळं ही निमित्तं होती. माणूस बहिणीच्या शेतात बसून जेवायला येत होता, आणि दर वर्षी न बसता परत जात होता.

बहिणीचं नाव सोनाबाई. सगळा गाव अक्का म्हणतो. आई गेली तेव्हा नरसिंग अंगावर पीत होता आणि अक्का परकर नेसत होती. बाप शेतात. घरात एक म्हैस होती, चंद्री नावाची. त्याच हिवाळ्यात चंद्रीचं रेडकू मेलं आणि तिनं पान्हा चोरला. गावातल्या कुणीतरी सांगितल्यावरून अक्कानं मेलेल्या रेडकाच्या कातड्यात भुसा भरून घेतला, शिवून घेतलं आणि ते चंद्रीपुढं उभं केलं. चंद्री ते चाटायची आणि दूध सोडायची. अक्का एका हातानं ते कातडं सावरायची, दुसऱ्या हातानं धार काढायची. नरसिंग त्या दुधावर वाढला.

ही गोष्ट अक्का लग्नाकार्यात सांगायची. ऐकणाऱ्या बायका पदर डोळ्यांना लावायच्या. अक्काला गावातच दिली होती. पुढं नवरा गेला, मुलगा मोठा झाला, सून आली. दावणीला म्हैस कायम होती. नरसिंग पुण्याहून आला की त्याच्यापुढं आधी दुधाचा तांब्या यायचा. दूध तपासणाऱ्या भावानं घरच्या दुधाला कधी करंगळी लावली नाही, तसंच तोंडाला लावलं, हेही अक्का सांगायची.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या हिवाळ्यात ते आले तेव्हा अंगणात गल्लीतली माणसं जमली होती. मीही होतो. अक्कानं तांब्या आणला. नरसिंगरावांनी तो बाजूला ठेवला आणि बोलायला सुरुवात केली. रेडकाचा वाटा. डेअरीत काय पाहिलं, गोठ्यांत काय चालतं. दाखला म्हणून त्यांनी चंद्रीची गोष्ट घेतली. तीच गोष्ट, तेच कातडं, तोच भुसा. फक्त शेवट वेगळा केला. "मेल्यालं लेकरू पुढं ठिवून आईला फसवलाव आपण," ते म्हणाले, "आन् ते दूध मी पिलो."

त्यांना कुणाला दोष द्यायचा नव्हता. बोलण्याच्या भरात ते सगळ्यांत जवळचं उदाहरण घेऊन बसले. अक्का उठली, तांब्या उचलला आणि आत गेली. त्या मुक्कामात ती पुन्हा बाहेर आली नाही. सुनेच्या हाती निरोप आला, की ज्या घरचं दूध पाप हाय त्या घरी पाहुण्यानं कामून राहावं.

तेव्हापासून ते माझ्याकडं उतरतात. माफी त्यांनी मागून पाहिली. अक्कानं ऐकून घेतली आणि एकच अट घातली. येळवशीला आंबिलीची वाटी प्यायची आणि मग तिच्या शेतात बसायचं. ते म्हणाले, बाकी काहीही सांग. ती म्हणाली, बाकी काही नको.

दर येळवशीला एकच प्रकार घडे. नरसिंगराव सकाळी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बांधावर जाऊन उभे राहत. अक्का ताकातल्या आंबिलीची वाटी आणून बांधावर ठेवी. ते हात जोडत. ती म्हणे, "कामून हुबा राहायलास? पिऊन बस, न्हाईतर वाट मोकळी हाय." बोलण्यात चढा आवाज नसे. मग ती वाटी उचलून ज्वारीत ओतून देई आणि हे माझ्या कोपीत येऊन बसत, तोंड तिच्या कोपीकडं करून.

माझ्या बायकोनं त्यांच्यासाठी नुसत्या पिठाच्या पाण्यात आंबवलेली, ताक नसलेली आंबील केलेली असे. ती ते पीत. येळवशीची भाजी, पेंडपाल्याची, म्हणजे हिरवे दाणे आणि पालेभाज्या एकत्र शिजवलेली, चिंचेची, ती मात्र आमच्या पातेल्यातली नसे. अक्काची सून रेखा मधल्या वेळात बांध ओलांडून झाकलेलं भांडं ठेवून जाई. कुणाची, कुणासाठी, हे सांगायची पद्धत नव्हती. पहिल्या घासाला नरसिंगराव डोळे मिटत. "चिंच अक्काच्या दारातली हाय," असा निकाल देत आणि खाली बघून जेवत.

ज्या वर्षाची गोष्ट सांगतोय त्या वर्षी पावसाळा संपताना अक्काला बिदरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मुलाला बाहेर बोलावून सांगितलं. अक्काला कुणी सांगितलं नाही, पण घरी आल्यावर तिनं सुनेला कपाट उघडून आपली लुगडी वाटून टाकायला लावली. तेवढ्यावरून सगळ्यांना समजलं, की तिला माहीत आहे.

कार्तिकात एका सकाळी ती आमच्या घरी आली. बसली, पाणी प्याली. माझ्या बायकोला म्हणाली, तुमच्या पाहुण्याला जी आंबील करतीस ती कशी करतीस ते सांग. बायको संकोचली. कारण आंबील करायला तिला लग्नानंतर अक्कानंच शिकवलं होतं. पीठ किती, पाणी किती, मडकं कुठं ठेवायचं, सगळं अक्काचंच होतं. फक्त शेवटी ताक घालायचं नाही. एवढंच सांगायचं होतं, ते बायकोनं सांगितलं.

अक्का म्हणाली, ताकाबिगर ती आंबट कशी व्हायची. होते, बायको म्हणाली, दिवस जास्त लागतात. अक्कानं घरी जाऊन करून पाहिली. पहिली बिघडली, म्हशीला घातली. दुसरीला वास आला. तिसरी जमली. तोपर्यंत तिला चुलीपुढं बसवत नव्हतं. ती बाजेवर पडून सांगायची आणि मडकं जवळ आणायला लावून वास घ्यायची. यातलं काही नरसिंगरावांना कळवायचं नाही, असं तिनं आम्हाला सांगितलं होतं. आम्ही कळवलं नाही.

येळवशीच्या सकाळी रेखानं दोन मडकी भरली. मोठं सगळ्यांचं, ताकाचं. लहान मडकं नरसिंगरावांचं. इथं एक गोष्ट सांगायला हवी. रेखाचं माहेर भालकीकडचं. दावणीला दुभती म्हैस असताना येळवशीला ताकाबिगर आंबील शेतात न्यायची नाही, नेली तर म्हैस आटते आणि घरच्या बाईच्या जिवावर येतं, असं तिच्या माहेरी मानतात. अक्का त्या वर्षी आधीच इतकी आजारी होती. रेखानं कुणाला काही विचारलं नाही. लहान मडक्यात एक पळी ताक घातलं, ढवळलं आणि झाकण ठेवलं. देवापुरतं एवढंसं, मामांना कळणारही नाही, असं तिला वाटलं. हे तिनं नंतर माझ्या बायकोला सांगितलं, तेही अक्का गेल्यावर.

नरसिंगराव नेहमीसारखे बांधावर जाऊन उभे राहिले. अक्काला बैलगाडीतून आणून कोपीत गादीवर बसवलं होतं. ती उठून बांधापर्यंत येऊ शकत नव्हती. तिनं तिथूनच हाक मारली.

"नरसिंग, आत ये. बस. तुझी येगळी केलीया."

ते बांधावरच थांबले. मग मला म्हणाले, पत्रकार, चल. आम्ही दोघं कोपीत जाऊन बसलो. अक्कानं लहान मडकं स्वतःपुढं ओढलं. तिला ते पेलेना म्हणून रेखानं मडकं धरलं. अक्कानं एक वाटी त्यांच्यापुढं ठेवली, एक माझ्यापुढं.

"ताक न्हाई त्यात. नुसत्या पिठाची हाय. ह्याच्या बायकोला इचारून केलीया," ती म्हणाली. "आज धार बी काढली न्हाई. रेडकू सोडलंय सकाळधरनं. पिऊन पिऊन निजलंय ते."

मी घोट घेतला. ताक होतं. थोडं, पण होतं. मी त्यांच्याकडं पाहिलं. नरसिंगरावांनी वाटी उचलून नाकापाशी नेली होती. तिथंच ती थांबली. ज्यानं आयुष्यभर टँकरमधलं पाणी जिभेनं ओळखलं त्याला हे ओळखायला घोट घ्यायचीही गरज नव्हती. त्यांनी रेखाकडं पाहिलं. ती मडकं धरून हसऱ्या चेहऱ्यानं बसली होती. मग अक्काकडं पाहिलं.

"काय बघायलास?" अक्का म्हणाली. "चालतंय न्हवं?"

"चालतंय, अक्का."

ते प्याले. सावकाश, न थांबता. वाटी पुढं करून म्हणाले, "आनि दे." अक्कानं पुन्हा भरली. तीही त्यांनी संपवली. मी माझी संपवली.

अक्कानं पदरानं तोंड पुसलं. तिचं लक्ष शेतात होतं. म्हणाली, "त्या साली तुला द्यायला दुसरं काय नव्हतं रे."

"ठाव हाय."

"चंद्रीच्या पाया पडत व्हते म्या रोज. धार काढायच्या आदी."

हे आम्ही कुणी पूर्वी ऐकलं नव्हतं. लग्नाकार्यातल्या गोष्टीत हे नसायचं. नरसिंगरावांनी तिच्या गादीची दुमडलेली कड सरळ केली. मग ताटं आली आणि आम्ही जेवलो.

संध्याकाळी गावाकडं चालत येताना मी विचारलं, की अण्णा, तुम्हाला कळलं होतं ना. पुढच्या वळणावर म्हणाले, "कालचं ताक. म्हशीचं. पाणी न्हाई घातलेलं. म्हैस चांगली ठिवलीया." आणखी थोडं चालल्यावर म्हणाले, रेखाला बोलू नको.

अक्का होळीच्या आधी गेली. नरसिंगराव पुण्याहून आले, दिवस होईपर्यंत राहिले. त्या वेळी ते अक्काच्याच घरी उतरले. तेराव्याच्या जेवणात खीर होती. ती त्यांनी घेतली नाही. वाढणाऱ्याला, काशी केली आहे, असं सांगितलं.

परवाच्या येळवशीला ते आले. या वेळी सहल केली नाही. बिदर नाही, बसवकल्याण नाही. आदल्या दिवशी आले आणि सकाळी धुतलेला सदरा घालून शेतात गेले. बांधावर थांबले नाहीत, सरळ कोपीत जाऊन बसले. रेखानं दोन मडकी आणली होती, एक मोठं, एक लहान. लहान मडकं तिनं त्यांच्यापुढं ठेवलं. सासूबाईंनी केली होती तशीच केली आहे, तेच मडकं, तीच रीत, असं ती म्हणाली. मामांनी त्या वर्षी पुन्हा मागून घेतली होती, म्हणून या वेळी जास्त केली होती.

त्यातलीच एक वाटी तिनं मला दिली; थोडं ताक होतं. नरसिंगरावांनी आपली वाटी नाकापाशी नेली. मग प्याले. वाटी पुढं केली, रेखानं भरली. तीही प्याले.

दुपारनंतर मी त्यांना कमलनगरच्या स्टँडवर सोडायला गेलो. उदगीरच्या बसला वेळ होता. स्टँडसमोरच्या हॉटेलात नवा माणूस होता. त्यानं दोन चहा आणून ठेवले. नरसिंगरावांनी कप उचलला, वास घेतला आणि खाली ठेवला. दुधाचा होता. त्यांनी माणसाला बोलावून बिगर दुधाचा करायला सांगितला. त्यानं विचारलं, काशी करून आलाव का. ते व्हय म्हणाले. काळा चहा आला. तो पिऊन ते बसमध्ये चढले. चढताना नाडी सुटली, ती एका हातानं धरून ते खिडकीपाशी बसले. बस गेली.